गालापागोसच्या एस्पान्योला बेटावरचा एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे 1,000 किलोमीटरवर पॅसिफिक महासागरात गालापागोस द्वीपसमूह आहे. त्याच्या आग्नेय टोकाला जेमतेम 60 चौरस किलोमीटरचं, माणसांची वस्ती नसलेलं एस्पान्योला बेट आहे. जहाजावर मुक्काम करून बेटं पाहणाऱ्यांचा एस्पान्योलाचा दिवस साधारण असा असतो: सकाळी गार्डनर बे या उपसागराची पुळण, मग स्नॉर्कलिंग (मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखालचं पाहणं) आणि दुपारी पुंता सुआरेस या टोकावरची पायवाट. या एका दिवसाबद्दल लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

इतक्या बेटांमधून एस्पान्योलाच का?

वेव्ह्ड अल्बट्रॉससाठी. पंखांचा पसारा सव्वादोन मीटरच्या घरात असलेला हा पक्षी जवळजवळ संपूर्ण संख्येने याच एका बेटावर वीण करतो. मुख्य भूमीजवळच्या इस्ला दे ला प्लाता बेटावर काही थोड्या जोड्या असतात, तेवढाच अपवाद. त्याची नोंद अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. शिवाय एस्पान्योला मॉकिंगबर्ड हा पक्षी इथेच दिसतो, आणि लालहिरव्या रंगाचे सागरी इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे) इथे आहेत. एकाच बेटाला वेळ देता येणार असेल आणि महिना एप्रिल ते डिसेंबरमधला असेल, तर आम्ही बिनदिक्कत एस्पान्योला सांगू.

दिवसाचं वेळापत्रक कसं असतं?

जहाज रात्रीच प्रवास करतं, पहाटे नांगर पडतो. साडेसहा-सातला न्याहारी आणि आठच्या आत पहिली होडी सुटते. गार्डनर बेवर दीड-दोन तास, परत जहाजावर येऊन कपडे बदलून साडेदहा-अकराला स्नॉर्कलिंग, साडेबाराला जेवण. जेवण चालू असताना जहाज पुंता सुआरेसकडे सरकतं. अडीच-तीनला दुसऱ्यांदा उतरायचं ते संध्याकाळी सहाच्या आत परतायचं. रात्रीच्या जेवणाआधी मार्गदर्शक दुसऱ्या दिवसाची माहिती देतो: कुठे उतरायचं, पाय ओले होणार का, कोणते बूट घालायचे. ही पंधरा मिनिटं चुकवू नका. सकाळी होडीपाशी चुकीचे बूट घालून उभे राहणारे बहुतेक जण आदल्या रात्री ही माहिती न ऐकणारे असतात.

काही जहाजं पुंता सुआरेस सकाळी आणि पुळण दुपारी घेतात. निवड करता आली तर पायवाट दुपारची बरी, कारण संध्याकाळी वारा असतो, अल्बट्रॉस उडताना जास्त दिसतात आणि कड्यावरचा प्रकाश तिरपा, मऊ होतो.

हवं तेव्हा, हवं तिथे उतरता येतं का?

नाही. या द्वीपसमूहाची सुमारे 97 टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान 1959 पासूनचं, भोवतालचं सागरी राखीव क्षेत्र 1998 पासूनचं. प्रत्येक जहाजाचा मार्ग आणि तिथे पोहोचण्याची वेळ उद्यान ठरवून देतं, आणि तेच जहाज चौदा दिवसांच्या आत त्याच ठिकाणी पुन्हा येत नाही. ठिकाणं सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच खुली असतात. परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पाऊल ठेवता येत नाही आणि एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त 16 पर्यटक. म्हणूनच बरीचशी जहाजं नेमकी 16 जणांची असतात. शंभर प्रवाशांचं जहाज ही वरची मर्यादा. तिथेही तुमची तुकडी सोळाचीच, फक्त होड्यांची वाट पाहण्यात वेळ जातो. उलट, मोठं जहाज हलतं कमी.

कोणत्या महिन्यात जावं?

अल्बट्रॉस मार्चअखेरीपासून परतू लागतात. एप्रिल ते जूनमध्ये अंडी, त्यानंतर पिल्लं, आणि डिसेंबर-जानेवारीत पिल्लं समुद्रावर निघून गेली की बेट त्यांच्यापुरतं रिकामं होतं. जानेवारी ते मार्चमध्ये जाणाऱ्याला अल्बट्रॉस दाखवण्याचं कोणी वचन दिलं, तर ते खरं धरू नका.

पण त्याच महिन्यांत समुद्र उबदार आणि शांत असतो, पाणी निवळ असतं, इग्वानांचे रंग सर्वांत भडक असतात आणि माद्या अंड्यांसाठी बिळं खणताना दिसतात. जून ते डिसेंबर हा थंड हंगाम. हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी 18 ते 22 अंशांपर्यंत उतरतं, सकाळी धुकट भुरभुर असते, पाण्यात अन्न भरपूर म्हणून पक्ष्यांची लगबग मोठी. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत खवळलेला असतो, आणि एस्पान्योलाचा रात्रीचा पल्ला उघड्या समुद्रातून आहे. सगळं तोलून पाहता एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात हा काळ उत्तम: पक्षी आलेले असतात आणि पाणी अजून गारठलेलं नसतं.

वेट लँडिंग आणि ड्राय लँडिंग म्हणजे काय?

जहाज किनाऱ्याला लागत नाही. पांगा नावाच्या लहान होडीतून जावं लागतं. पुळणीवर पांगा पाण्यातच थांबते आणि घोट्या-गुडघ्याइतक्या पाण्यात उतरावं लागतं, ते वेट लँडिंग. खडकावर किंवा छोट्या धक्क्यावर थेट पाऊल टाकायचं, ते ड्राय लँडिंग. गार्डनर बे पहिल्या प्रकारचं, पुंता सुआरेस दुसऱ्या.

पांगात चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा पिशवीत, पिशवी पाठीवर, फोन खिशात. खलाशाचा पंजा धरायचा नाही. त्याने तुमचं मनगट आणि तुम्ही त्याचं मनगट घट्ट धरायचं. ही पकड ओल्या हातांनीही सुटत नाही. आधी होडीच्या काठावर पाऊल, मग आत, मग लगेच बसायचं. एका वेळी एकच जण उभा. बहुतेक जण पडतात ते घाईने. लाटेवर होडी वर येते, क्षणभर स्थिरावते आणि खाली जाते. पाऊल त्या स्थिर क्षणी टाकायचं, खलाशी "आता" म्हणेल तेव्हा. होडी खाली जात असताना उडी मारली की पायाखाली काहीच नसतं.

पुळणीवर होडीच्या कडेला बसून दोन्ही पाय बाहेर फिरवा आणि अलगद उतरा. वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. उथळ वाळूत पाकट मासे दडलेले असतात. धक्का लागला की ते निघून जातात, पाय वर पडला तर मात्र काटा मारतात. धक्क्यावर काळं, चकचकीत दिसणारं काहीही शेवाळच समजा.

पुंता सुआरेसच्या धक्क्यावर समुद्रसिंह आडवे पसरलेले असतात. त्यांना हलवण्याचं काम मार्गदर्शकाचं. तो टाळ्या वाजवेल, तुम्ही होडीत थांबा.

पुंता सुआरेसची पायवाट कितपत अवघड आहे? गुडघे दुखणाऱ्यांचं काय?

अंतर सुमारे दोन किलोमीटरच, पण लागतात दोन ते तीन तास. चढ फारसा नाही, त्रास खाली पसरलेल्या गोट्यांचा. फुटबॉलएवढे, सैल, पक्ष्यांच्या विष्ठेने गुळगुळीत झालेले धोंडे. घोटा मुरगळण्याची जागा हीच. तळाला चांगली पकड असलेले बंद बूट घाला. सँडल पुळणीसाठी ठेवा. रबरी टोक असलेली चालण्याची काठी बहुतेक ठिकाणी चालते, उघडं लोखंडी टोक नको. चालताना पक्षी पाहायचे नाहीत, पक्षी पाहताना चालायचं नाही. हा एक नियम पाळला तर सत्तरीतली माणसंही ही वाट आरामात पुरी करतात.

सावली अजिबात नाही. बेट विषुववृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे ढग असले तरी कातडी भाजते. हनुवटीखाली दोरी असलेली टोपी (नसली तर कड्यावरचा वारा ती नेतो), पूर्ण बाह्यांचा सदरा, माणशी एक लिटर पाणी. वाटेत स्वच्छतागृह नाही, आडोसाही नाही. जहाजावरूनच जाऊन या. ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगून ठेवावी. संकोचाने पाणीच न पिणाऱ्यांना उन्हाचा त्रास होतो.

प्राण्यांपासून किती लांब राहायचं? तेच जवळ आले तर?

दोन मीटर. इथल्या प्राण्यांना माणसाची भीती नाही, म्हणून हे अंतर तुम्हालाच राखावं लागतं. समुद्रसिंहाचं पिल्लू हुंगत बुटापर्यंत आलं तर हलू नका, हात पुढे करू नका. ते आपसूक जातं. आई पिल्लाला आवाजाने आणि वासाने ओळखते. माणसाचा वास त्यात मिसळू द्यायचा नाही.

पुळणीवर मोठा नर भुंकत धावून आला तर त्याच्या आणि पाण्याच्या मधून बाजूला व्हा. तो आपला किनारा राखत असतो. वाटेच्या दोन्ही कडांना खुंट असतात, त्यांच्या आतच राहा. कधी कधी बूबी हा समुद्रपक्षी नेमकी वाटेवरच अंडी घालतो. मग मार्गदर्शक वळसा ठरवतो.

मॉकिंगबर्डची गोष्ट वेगळी. बेटावर गोडं पाणी नाही आणि या पक्ष्यांना बाटली म्हणजे काय ते पक्कं कळतं. ते पिशवीवर, पायावर, बाटलीच्या टोपणावर येऊन बसतात. एक थेंबही द्यायचा नाही. दया म्हणून दिलेलं पाणी त्यांना माणसाकडे यायला शिकवतं. बाटली पिशवीत ठेवा आणि वळून प्या.

तिथे नेमकं काय पाहायचं?

धक्क्याजवळच सागरी इग्वानांचे ढीग लागतात. सकाळी ते एकमेकांवर पसरून ऊन खातात, कारण अंग तापल्याशिवाय त्यांना थंड पाण्यात शेवाळ खायला उतरता येत नाही. मधूनच नाकातून तुषार उडतात. ते शिंकणं म्हणजे डोळ्यांजवळच्या ग्रंथींनी रक्तातून वेगळं केलेलं मीठ बाहेर टाकणं. कॅमेऱ्याच्या भिंगावर ते पडलं तर ओल्या कापडाने टिपा, कोरडं घासू नका.

पुढे नाझका बूबी. मादी बहुधा दोन अंडी घालते. दोन्ही उबली तर थोरलं पिल्लू धाकट्याला घरट्याबाहेर ढकलतं आणि आईबाप मध्ये पडत नाहीत. हे डोळ्यांसमोर घडलं तर मन हेलावतं, पण मार्गदर्शकाला "उचलून आत ठेवा" म्हणू नका. दुसरं अंडं हा पहिलं वाया गेलं तर असलेला आधार आहे.

निळ्या पायांच्या बूबींमध्ये नर कोण, मादी कोण हे दुरूनही सांगता येतं. नर शीळ घालतो, मादी घोगरा आवाज काढते. मादीच्या डोळ्यातली बाहुलीही मोठी दिसते. पायांचा निळेपणा खाण्यातून येतो. उपाशी नराचे पाय काही दिवसांतच फिके पडतात, म्हणून नर नाचताना पाय उचलून दाखवतो आणि मादी ते निरखते. घरटं म्हणजे जमिनीवर विष्ठेचं पांढरं कडं.

कड्यापाशी पोहोचलात की थांबा. अल्बट्रॉसची मोकळी जागा इथेच आहे. समुद्रावर दिवसेंदिवस तरंगणारा हा पक्षी जमिनीवर डुलत, ठेचकाळत चालतो. सपाटीवरून उडणं त्याला जड जातं, म्हणून कड्याच्या टोकापर्यंत पायी जाऊन वाऱ्यावर अंग झोकून देतो. जोडीचं प्रणयनृत्य सुरू झालं तर अख्खी तुकडी खाली बसवा: चोचीवर चोच फिरवणं, चोच उघडून स्तब्ध राहणं, आकाशाकडे मान ताणणं, टाळीसारखा कडकडाट, आणि पुन्हा पहिल्यापासून. ते मिनिटंच्या मिनिटं चालतं. एप्रिल-मेमध्ये एखादा पक्षी अंडं पायांमध्ये धरून ढकलत नेताना दिसेल. या जातीत ती रीतच आहे. पुढे पिल्लू एकटं बसलेलं दिसलं तर ते सोडून दिलेलं नसतं. आईबाप पेरूच्या किनाऱ्यापर्यंत अन्नाला गेलेले असतात. तिथल्या मासेमारीच्या गळांना आणि जाळ्यांना अडकणं हाच या पक्ष्यावरचा मोठा धोका आहे.

याच कड्यावर दुभंगल्या शेपटीचे कुरव बसलेले असतात. लाल कड्यांचे मोठे डोळे, कारण ते रात्री शिकार करतात. खाली खडकाच्या भेगेत लाट शिरली की पाण्याचा फवारा उंच उसळतो. भरती आणि उसळी दोन्ही असली तर तो वीस मीटरांवर जातो. तिथे सगळे फोटोसाठी गर्दी करतात. आमचं मत विचाराल तर फवाऱ्याला पाच मिनिटं द्या आणि उरलेला अर्धा तास अल्बट्रॉसला.

महाकाय कासवं दिसतील का?

पर्यटकांच्या वाटेवर नाही. ती पाहायची तर सांता क्रूझ बेटाचा उंच भाग. पण एस्पान्योलाच्या कासवांची कथा माहीत असू द्या. 1960-70 च्या दशकांत बेटावर अवघी 14 उरली होती: 12 माद्या, 2 नर. माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी बेट खरडून काढलं होतं. उरलेली कासवं सांता क्रूझच्या प्रजनन केंद्रात नेली गेली, अमेरिकेतल्या सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आला, आणि 1978 मध्ये शेवटची बकरी संपली. जून 2020 मध्ये दिएगोसह ही मूळची पंधरा कासवं परत बेटावर सोडण्यात आली. त्याआधी त्यांची शेकडो पिल्लं तिथे वाढलेली होती. कासवं झुडपं तुडवून जागा मोकळी करतात, आणि मोकळी जागा अल्बट्रॉसला लागते.

पोहता येत नाही, मग स्नॉर्कलिंगचं काय?

फुगवता येणारं जॅकेट घालून, मार्गदर्शकाजवळच्या तरंगत्या कड्याला धरून, पुळणीजवळच्या कंबरभर पाण्यात तोंड बुडवलं तरी मासे दिसतात. पण गार्डनर बेटुकल्याभोवतालचं खोल पाण्यातलं स्नॉर्कलिंग न पोहणाऱ्यांसाठी नाही. तिथे प्रवाह असतो. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. पांगातून चक्कर मारा किंवा जहाजावर कयाक असेल तर ती घ्या. काही मोठ्या जहाजांवर काचेच्या तळाची होडीही असते, आरक्षणाआधी विचारा.

मास्क पहिल्याच दिवशी जहाजावर तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. मिशीमुळे पाणी आत येतं. मिशीवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा किंवा वरच्या कडेची मिशी बारीक करा. काच धुरकटू नये म्हणून आतून लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चोळून हलकेच विसळा. चष्मा लागत असेल तर नंबरचा मास्क इथूनच घेऊन जा. थंड हंगामात 5 मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख), उबदार हंगामात 3 मिलिमीटरचा पुरतो. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि लेगिंग कोणालाही चालतात, त्यावर वेटसूट येतोच.

पाण्यात समुद्रसिंहाची पिल्लं तुमच्याभोवती गिरक्या घेतील. हात अंगाशी ठेवा. मोठा नर पाण्याखाली बुडबुडे सोडत येरझारा घालू लागला तर शांतपणे किनाऱ्यापासून लांब व्हा. पांढऱ्या टोकाचे रीफ शार्क दिसले तर भाग्य समजा. ते तळाशी पडून असतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत.

बोट लागते. काय करावं?

जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्या आणि जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. गोळीने झोप येते, म्हणून रात्रीच्या प्रवासाआधी घेणं सोयीचं. पोट रिकामं ठेवू नका. सुकी बिस्किटं, आलं चालतं. फोनकडे पाहणं बंद करा, वर येऊन क्षितिजाकडे पाहा.

कॅमेरा, दुर्बीण आणि चार्जिंग?

प्राणी इतके जवळ असतात की 600 मिलिमीटरची तोफ वाहून नेण्यात अर्थ नाही. 100-400 मिलिमीटरची लेन्स पुरे, उरलेलं काम फोन करतो. फ्लॅश बंद. ड्रोन पर्यटकांना मनाई. होडीसाठी गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी हवीच. दुर्बीण 8x42 किंवा 8x32 घ्या. 10 पटीची हलत्या होडीतून थरथरते.

वीज 110-120 व्होल्टची, दोन चपट्या पिनांची. आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर न्या. चार्जरवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो चालतो. इथला हेअर ड्रायर किंवा पाणी तापवायची किटली तिथे नीट चालत नाही.

शाकाहारी जेवण मिळतं का? घरचा खाऊ नेता येतो का?

मिळतं, पण आरक्षण करतानाच लेखी कळवा. नुसतं "शाकाहारी" लिहू नका. मासे नकोत, अंडी चालतात की नाही, मांसाचं सूप नको, हे वेगवेगळं लिहा. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी तेही. भात, काळ्या घेवड्याची उसळ, केळ्याचे प्रकार, बटाटे तिथल्या स्वयंपाकात असतातच.

द्वीपसमूहात जाताना विमानतळावर सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. ताजी फळं, कढीपत्ता, मोड आणायची कडधान्यं, कोणतंही बी नको. कारखान्यात सीलबंद केलेली चकली, चिवडा, थेपले नेत असाल तरी फॉर्मवर नोंदवा. आणि बेटांवर पाण्याशिवाय काहीही खाणं-पिणं मना आहे, खाऊ जहाजापुरताच.

बूट घासून का ठेवायचे?

एका बेटावरची माती, बी किंवा मुंगी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून. इथल्या अनेक जाती आपापल्या बेटावर वेगळ्या घडल्या आहेत. एका बेटाचं तण दुसऱ्यावर रुजलं की ते उपटायला वर्षं जातात. घरून निघतानाच तळव्यातल्या खाचा टूथब्रशने साफ करा, वेल्क्रोतली कुसळं काढा. जहाजावर परतताना पाय धुवायची सोय असते. शंख, दगड, वाळू, पीस काहीही सोबत आणता येत नाही, परतीच्या विमानतळावरही तपासणी असते.

मेलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर?

स्पर्श नाही, जवळ जाणं नाही. जागा लक्षात ठेवून मार्गदर्शकाला सांगा. सप्टेंबर 2023 मध्ये या बेटांवरच्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून ही नोंद उद्यानाला फार मोलाची आहे. असा पक्षी दिसलेल्या ठिकाणी बूट निर्जंतुक केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रवेशशुल्क, कागदपत्रं आणि पिवळ्या तापाची लस?

1 ऑगस्ट 2024 पासून उद्यानाचं शुल्क बहुतेक परदेशी प्रौढांना 200 डॉलर आणि 12 वर्षांखालच्या मुलांना 100 डॉलर आहे. त्याशिवाय मुख्य भूमीवरच्या विमानतळावर 20 डॉलरचं प्रवासी नियंत्रण कार्ड घ्यावं लागतं. निघण्याआधी रकमा पुन्हा तपासा. इक्वाडोरचं चलन अमेरिकी डॉलरच आहे. पैसे रोख, लहान आणि न फाटलेल्या नोटांत ठेवा.

विमान कीतो किंवा ग्वायाकिलहून बाल्ट्राला किंवा सान क्रिस्तोबालला जातं. मुंबईहून थेट सेवा नाही. अमेरिकेमार्गे जात असाल तर विमान बदलण्यापुरताही अमेरिकी व्हिसा लागतो, युरोपमार्गे जाताना ट्रान्झिटचे नियम पाहा. इक्वाडोरच्या व्हिसाबद्दल आरक्षणाआधी दिल्लीतल्या दूतावासाला विचारा. मुख्य भूमीवर निदान एक दिवस आधी पोहोचा. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. पोहण्याचे कपडे, औषधं आणि नंबरचा मास्क हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तर जहाजावर ती आठवडाभर पोहोचत नाही.

पिवळ्या तापाची लस भारतीयांनी विसरूच नये. इक्वाडोर या रोगाच्या देशांत मोडतो, आणि तिथून परतणाऱ्याकडे लसीचं वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवतात, सहा दिवसांपर्यंत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. ही लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि तिथे ठरावीक वारीच देतात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी वेळ घ्या. साठीपुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय पत्र घ्यावं आणि परतल्यावर काय होईल हे विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे विचारून ठेवावं. लसीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवा, सामानात नको.